कोंबड्यांच्या पायाखाली काय अंथरायचं? फुकटच्या भुशाआधी गादीचं गणित समजून घ्या



परसातल्या कोंबडीपालनावर व्हिडिओ केला की प्रश्न ठरलेले असतात. पिल्लं कुठून आणू? जात कोणती घेऊ? गावरान अंडं कितीला जाईल? पण "कोंबड्यांच्या पायाखाली काय अंथरू?" हे विचारणारा क्वचित एखादाच भेटतो. तो विचारतो तेव्हा बहुतेक वेळा पावसाळा अर्धा सरलेला असतो, खुराड्यातून वास सुटलेला असतो आणि चार-पाच पिल्लं गेलेली असतात.

मीही त्यातलाच होतो. माझी पहिली बॅच ६० पिल्लांची. ऐन जूनच्या शेवटी आणली. पत्र्याचं साधं शेड होतं, आणि ओळखीच्या एका वखारीतून लाकडाचा बारीक भुसा फुकट मिळाला. फुकट आहे म्हटल्यावर मी पोती भरभरून आणला. भुसा ओलसर होता, पण वाटलं, सुकेल की. दोन आठवड्यांत पाण्याच्या भांड्याभोवती चिखल झाला आणि बाकीच्या भुशावर पापडी धरली. चौथ्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं. पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "खाली काय घातलंय?"

२२ पिल्लं गेली. पिल्लांची किंमत, महिनाभराचं खाद्य आणि औषध धरलं, तर तो फुकटचा भुसा मला त्या बॅचमधली सगळ्यात महागडी वस्तू ठरला. म्हणून आज गादीचा विषय नीट घेऊ. आपल्या धंद्यात ज्याला लिटर म्हणतात, तीच ही गादी.

गादी म्हणजे स्पंज

गादी हा शब्द ऐकला की वाटतं, कोंबडीला मऊ लागावं म्हणून हे अंथरायचं. तसं नाही. गादीचं मुख्य काम पाणी शोषण्याचं आहे.

एक साधा हिशोब करू. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम ओली विष्ठा टाकते, अंड्यावरची भारी कोंबडी त्याहून जास्त. या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे ५० कोंबड्या रोज ५ किलो विष्ठा टाकतात आणि त्यात जवळजवळ पावणेचार लिटर पाणी असतं. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या कोंबड्यांची काही विष्ठा अंगणात पडते हे खरं, पण रात्रीची सगळी आतच. वर भांड्यातून सांडलेलं पाणी वेगळं.

हे पाणी जायचं कुठे? आधी गादीत, मग गादीतून हवेत. म्हणून चांगल्या गादीत तीन गुण लागतात: पाणी शोषून घ्यावं, शोषलेलं पाणी सोडून पुन्हा कोरडं व्हावं, आणि दबून पापडी धरू नये. माझा बारीक भुसा पाणी शोषत होता, पण सोडत नव्हता. तिथेच फसलो.

गादी ओली राहिली की तीन संकटं येतात.

पहिलं, अमोनिया. ओल्या विष्ठेतून हा वायू सुटतो, कोंबडीचे डोळे चुरचुरतात, श्वासनलिका खराब होते आणि मग साधी सर्दीही जड जाते.

दुसरं, रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. या रोगाच्या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, तेव्हा ती लगेच रोग देत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात आणि टोचून खाणाऱ्या पिल्लाच्या पोटात जातात. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं यात जास्त सापडतात. गादी कोरडी असेल तर या साखळीची एक कडीच तुटते. डॉक्टरांनी आधी गादीचं विचारलं, ते याचसाठी.

तिसरं, बुरशी आणि पायाच्या जखमा. बुरशी श्वासातून पिल्लाच्या फुप्फुसात जाते. सतत ओल्यात उभं राहून तळव्यांना फोड येतात, कोंबडी लंगडते, खाद्यापर्यंत जात नाही आणि वजन घटतं.

आपल्याकडे मिळणारा माल: कोणता घ्यायचा?

*भाताचं तूस.* कोकण, मावळ, इगतपुरी, भंडारा-गोंदिया-गडचिरोली, जिथे भातगिरणी आहे तिथे पहिली पसंती यालाच द्या. लाकडाच्या छिलक्यांइतकं ते पाणी शोषत नाही, पण दबत नाही, हलवलं की लवकर सुकतं आणि खालून हवा खेळती राहते. एक चूक मात्र टाळा. गिरणीवाल्याकडून तूस घ्या, कोंडा नाही. कोंडा हे खाद्य आहे, तो खाली अंथरला तर खवट होतो आणि बुरशी धरतो. तुसात दाणे जास्त राहिले असतील तर उंदीरही येतात, म्हणून माल हातात घेऊन बघा.

*लाकडाचे छिलके.* सुतार रंधा मारतो तेव्हा पातळ, कुरळे छिलके पडतात. गादीसाठी हा उत्तम माल. करवतीखालचा पिठासारखा भुसा मात्र वेगळा. तो धूळ करतो, ओला झाला की गोळा होतो आणि लहान पिल्लं तो खाद्य समजून खातात. प्लायवूड, एमडीएफ, पॉलिश किंवा कीडनाशक लावलेल्या लाकडाचा भुसा फुकट मिळाला तरी नको. त्यातला डिंक आणि रसायन कोंबडीच्या पोटात जातं.

*शेंगांची टरफलं.* भुईमुगाच्या पट्ट्यात स्वस्त मिळतात. हलकी असतात, हवा खेळते, पण शोषण कमी. मुख्य धोका बुरशीचा. भिजलेल्या टरफलांवर वाढणारी बुरशी कोंबडीला घातक विष तयार करते. पूर्ण वाळलेली, काळे डाग नसलेली, कुबट वास नसलेली असतील तरच घ्या.

*उसाचं पाचट आणि बगॅस.* पश्चिम महाराष्ट्रात भरपूर. पाचट अख्खं टाकलं तर चटईसारखं दबतं, म्हणून कुट्टी यंत्रातून दोन-तीन इंचांचे तुकडे करून घ्या. बगॅस पाणी छान शोषतो, पण ओला राहिला की बुरशी लवकर धरतो. उन्हाळ्यात चालेल, पावसाळ्यात रोज हलवायची तयारी हवी.

*गव्हाचं काड.* यालाही पाचटाचाच नियम. तुकडे करा, कोरडं वापरा. कडबा मात्र गादीत घालू नका. तो जनावरांच्या तोंडचा घास आहे आणि महागही पडतो.

*नारळाच्या काथ्याचा भुसा.* नर्सरीवाले त्याला कोकोपीट म्हणतात. तो पाणी जबरदस्त शोषतो, पण धरूनही ठेवतो. एकट्याची गादी करू नका. तुसात चौथा हिस्सा मिसळा आणि पाण्याच्या भांड्याजवळच्या भागात वापरा.

*वाळू.* विष्ठा चाळून काढता येते म्हणून काहींना आवडते. पण नदीची वाळू महाग आहे, तिच्या उपशावर निर्बंध आहेत आणि उन्हाळ्यात ती तापते. लहान धंद्यात हा खर्च बसत नाही.

माल कोणताही असो, दोन गोष्टी पाळा. दुसऱ्या पोल्ट्रीतून आलेली जुनी पोती आणि वापरलेलं लिटर घरात आणू नका, पोत्याबरोबर रोगही येतो. आणि खताची किंवा फवारणीच्या औषधाची पोती माल भरायला वापरू नका.

आता पैशाचं गणित

५० कोंबड्यांना रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येकी २ चौरस फूट धरा. म्हणजे १०० चौरस फूट. ३ इंच थर द्यायचा तर २५ घनफूट माल लागतो. तुसाच्या बाबतीत तो साधारण ७० ते ८० किलो भरतो.

समजा, तूस तुम्हाला घरपोच ५ रुपये किलोने पडलं. ७५ किलोचे झाले ३७५ रुपये. आणि समजा, तुमची तयार कोंबडी ४०० रुपयांना जाते. म्हणजे अख्खी गादी एका कोंबडीच्या किमतीत आली. एक जरी कोंबडी त्या गादीमुळे वाचली, तरी गादीचा खर्च निघाला! तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. हे दोन्ही आकडे स्वतःचे घालून वहीत मांडणी करा.

तुलना करताना पोत्याचा भाव बघू नका. बघायचं ते असं: हा माल किती दिवस कोरडा राहील आणि महिन्याला किती नवा घालावा लागेल? २०० रुपयांचा माल दर पंधरा दिवसांनी बदलावा लागत असेल आणि ३७५ चा तीन-चार महिने टिकत असेल, तर स्वस्त कोणता, हे सांगायला सीए लागत नाही.

आणखी एक धंद्याची गोष्ट. भाताची झोडणी झाली की गिरण्यांवर तूस मुबलक असतं. जुलैत मागायला गेलात तर भाव चढलेला आणि माल दमट. म्हणून पावसाळ्याची खरेदी मे संपायच्या आत करा. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा, वरून ताडपत्री टाका.

आधी जमीन, मग गादी

गादीखाली काय आहे, यावर अर्धी लढाई ठरते. मातीची जमीन असेल तर निवारा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान एक फूट उंच घ्या, नाहीतर पावसाळ्यात ओल खालून वर चढते. मुरूम घालून, चोपून, शेणानं सारवून पूर्ण वाळू द्या. सिमेंटचा कोबा किंवा शहाबादी फरशी असेल तर धुवायला सोपं, उंदीरही पोखरत नाहीत. पण फरशी पाणी पीत नाही, म्हणून तिथे थर इंचभर जास्त ठेवा.

उन्हाळ्यात थर २ इंच पुरतो, जाड थरानं उष्णता वाढते. पावसाळ्यात आणि थंडीत ३ ते ४ इंच ठेवा.

एक दिवसाची पिल्लं आणली असतील तर पहिले दोन-तीन दिवस गादीवर कागद अंथरा, म्हणजे पिल्लं तूस न खाता खाद्य ओळखायला शिकतात. कागद गुळगुळीत नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होऊ शकतं. कागद चुरगळून पुन्हा पसरा किंवा स्वच्छ गोणपाट वापरा. ओला झाला की लगेच बदला.

बाहेरचं अंगण: इथे वेगळा नियम

बरेच जण हीच गादी बाहेरच्या जाळीबंद अंगणातही पसरतात. पहिल्या पावसात तिचा लगदा होतो. आत छप्पर असतं, म्हणून पाणी शोषणारा माल हवा. बाहेर पाऊस पडणारच, म्हणून तिथे पाणी वाहून जाईल असा माल हवा.

सुरुवात छपरापासून करा. १० बाय १० फुटांच्या पत्र्यावर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेचारशे लिटरहून जास्त पाणी खाली येतं. ते सगळं पागोळ्यांतून अंगणातच पडलं, तर कोणताही माल टिकणार नाही. एक पन्हळ लावा आणि पाणी दूर न्या. पन्हळीचा खर्च एकदाच, भुशाचा दर महिन्याला.

मग उतार. दर १० फुटांना दोन-तीन इंच पुरे. त्यावर मुरमाचा थर घाला आणि चोपा. काळ्या मातीच्या गावांत हे न चुकता करा, कारण ती माती पाणी धरून बसते आणि कोंबड्यांच्या पायांनी चिखल होतो. कोकणात जांभ्याच्या जमिनीतून पाणी झिरपतं, पण तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा तिथे अंगणाच्या निदान एका भागावर छप्पर हवंच.

मुरमावर काय? जाडसर लाकडाचे तुकडे, वाळलेल्या काटक्या, पालापाचोळा. कोकणात ज्याला पातेरा म्हणतात तो फुकट मिळतो आणि कोंबड्यांना उकरायला किडे-मकोडेही मिळतात. पातेरा पावसाळ्याआधी गोळा करून कोरडा ठेवा, थोडा थोडा टाका आणि कुजलेला काढून खताच्या खड्ड्यात घाला.

"हिरवं गवतच लावलं तर?" असंही विचारलं जातं. लावा, पण कोंबड्या लहान अंगणातलं गवत बघता बघता संपवतात आणि जमीन उघडी पडते. अंगणाचे जाळीनं दोन भाग करा. एक भाग वापरात, दुसरा विश्रांतीला. गवत पुन्हा फुटतं, आणि ऊन लागून जमिनीतले रोगजंतूही कमी होतात.

अंगणाच्या एका कोपऱ्यात, छपराखाली, कोरडी माती आणि चुलीची राख मिसळून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि पिसांतल्या उवा झटकतात. राख लाकडाची हवी, प्लॅस्टिक जाळलेली नको.

रोजची पाच मिनिटं

चांगला माल आणला आणि बघितलंच नाही, तर तोही फसतो. दिनक्रम साधा ठेवा.

१. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवा. खाली विटा, त्यावर जाळी. गादी सर्वात आधी इथेच ओली होते. ओला झालेला भाग त्याच दिवशी काढा आणि तिथे कोरडा माल टाका.

२. बसायचा दांडा असेल तर त्याखाली गोणपाट किंवा फळी ठेवा. रात्रीची विष्ठा तिथे साठते, सकाळी उचलून टाकता येते. गादीचं आयुष्य यानं बरंच वाढतं.

३. गादी दोन-तीन दिवसांनी खालीवर करा, पावसाळ्यात रोज. मजूर लावायची गरज नाही. संध्याकाळी मूठभर ज्वारी-बाजरी गादीवर विखरा. कोंबड्या स्वतःच उकरून काढतात. मात्र गादी कोरडी असेल तरच हे करा.

४. मूठ चाचणी करा. गादीचा मूठभर माल घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. थोडा धरून लगेच फुटला तर बरोबर. अजिबात धरला नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी आहे, धुळीनंही श्वासाचा त्रास होतो.

५. वास चाचणी करा. सकाळी दार उघडल्या उघडल्या आत जाऊन खाली बसा. आपलं नाक पाच फुटांवर असतं, कोंबडीचं अर्ध्या फुटावर. बसल्यावर नाक झोंबलं किंवा डोळ्यांत पाणी आलं, तर हवा कोंडली आहे किंवा गादी ओली आहे.

चुन्याबद्दल सांगतो. विझवलेला चुना ओल कमी करतो, पण सुरुवातीला अमोनिया जास्त सुटतो. म्हणून कोंबड्या बाहेर काढून, खिडक्या उघडून, १०० चौरस फुटांना साधारण १ किलो या मानानं पसरा, गादीत मिसळा आणि वास गेल्यावरच कोंबड्या आत घ्या. गळकं छप्पर तसंच ठेवून चुना मारत बसलात, तर पैसे पाण्यात गेले समजा.

विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसली, तर गादी बदलत वेळ घालवू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. गादीचं काम त्यानंतर.

गादी संपली की दुसरा माल तयार

बॅच गेली की सगळी गादी बाहेर काढा, जमीन खरवडा, धुवा, वाळवा, चुना मारा आणि १०-१५ दिवस निवारा रिकामा ठेवा. काढलेली गादी फेकू नका. बरेच महिने वापरलेल्या गादीत साधारण ३ टक्के नत्र असतं, शेणखतापेक्षा कितीतरी जास्त. पण ताजी टाकली तर रोपं करपतात. ढीग लावून, ओलावा राखून, अधूनमधून उलटून दोन-तीन महिने कुजू द्या. गावातल्या भाजीवाल्या शेतकऱ्याला, शहराजवळ असाल तर नर्सरीला आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांना पाच-पाच किलोच्या पिशव्यांत विका. ज्या तुसावर पैसे घातले, त्यातूनच पुढच्या तुसाचा खर्च निघू शकतो.

तुमचा गृहपाठ

पिल्लांचं बुकिंग करण्याआधी वहीत चार ओळी लिहा. माझ्या १५ किलोमीटरच्या आत कोणता माल मिळतो? घरपोच भाव किती? पावसाचं पाणी माझ्या अंगणात कुठून येतं आणि कुठून जातं? पावसाळ्याचा साठा मी कुठे ठेवणार? या चार ओळी कोऱ्या असतील तर पिल्लं पंधरा दिवस उशिरा आणा. काही बिघडत नाही.

माझ्या पुढच्या बॅचला मी पैसे मोजून तूस आणलं, पत्र्याला पन्हळ लावली आणि पाण्याची भांडी विटांवर चढवली. त्या पावसाळ्यात रक्ती हगवण आली नाही. जात तीच, खाद्य तेच, शेडही तेच होतं. फक्त पायाखालची जमीन कोरडी होती.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर गादी कोरडी ठेवा आणि वही भरलेली!